काच बसली, पण गाडी अजून तयार नाही

आमच्याकडे आलेल्या एका गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेला होता. तो डाव्या बाजूच्या खालच्या कडेपासून निघाला होता. कडेपासून दोन बोटं वर खडीने उडालेला टवका आणि तिथून काचेच्या मध्याकडे वळत गेलेली, वितीपेक्षा लांब रेघ. असा तडा समोर आला की रेझिन, म्हणजे घट्ट होणारा पारदर्शक द्रव, भरून भागेल का, हा प्रश्न उरत नाही. रेझिनचं काम लहान टवक्याचं. तो साधारण २५ मिलिमीटरपर्यंतचा असावा, कडेपासून दूर असावा, चालकाच्या थेट नजरेसमोर नसावा आणि काचेला आतून लावलेल्या, रस्ता पाहून ब्रेक लावणाऱ्या कॅमेऱ्याच्या पुढ्यात तर नसावाच. कडेला काचेत मुळातच ताण साठलेला असतो, म्हणून तिथला तडा भरला तरी काही दिवसांनी पुढे सरकतो. कॅमेऱ्यासमोरचा भरलेला टवका माणसाच्या डोळ्याला जेमतेम दिसतो, पण त्या जागी प्रकाश वेगळा वळतो आणि कॅमेऱ्याची फसगत व्हायला तेवढं पुरतं.

टवका नुकताच उडाला असेल तर त्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे आत ओल आणि माती जात नाही. ओल गेली की रेझिन नीट धरत नाही. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये आणि एसीचा झोतही थेट काचेवर सोडू नये. लहान टवक्याचा लांब तडा बहुतेक वेळा याच तापमानाच्या धक्क्याने होतो.

काच बदलायची ठरली की खरा अवघड भाग सुरू होतो, तो म्हणजे नेमकी कोणती काच मागवायची. पुढची काच म्हणजे दोन काचांमध्ये दाबून बसवलेला पीव्हीबी या प्लास्टिकचा पातळ पडदा. बाहेरची काच साधारण २.१ मिलिमीटर, आतली तितकीच किंवा थोडी पातळ, आणि मधला पडदा बहुधा ०.७६ मिलिमीटरचा. महागड्या गाड्यांत या पडद्यावरच सगळी करामत असते. आवाज शोषणाऱ्या काचेत मधल्या पडद्याचा गाभा मऊ असतो. उष्णता परतवणाऱ्या काचेत धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. तिरक्या नजरेने पाहिलं तर अशा काचेत किंचित जांभळट किंवा हिरवट झाक दिसते. धातूचा थर रेडिओलहरी अडवतो, म्हणून आरशाजवळ किंवा वरच्या कडेला एक चौकोन थराशिवाय सोडलेला असतो. टोलचा टॅग त्याच चौकोनात लावायचा, नाहीतर तो वाचलाच जात नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती हेड-अप डिस्प्लेच्या काचेत. डॅशबोर्डमधून वर फेकलेली आकड्यांची प्रतिमा काचेच्या आतल्या पृष्ठभागावरून परावर्तित होते, तशीच बाहेरच्या पृष्ठभागावरूनही होते. साध्या काचेत या दोन प्रतिमा एकमेकींपासून किंचित सरकलेल्या दिसतात. हेड-अप डिस्प्लेच्या काचेत मधला पडदा पाचरीसारखा असतो, वर जाड आणि खाली पातळ, त्यामुळे दोन्ही प्रतिमा एकावर एक येतात. ही पाचर इतकी सूक्ष्म असते की काच हातात धरून ओळखता येत नाही. साधी काच त्या गाडीत बसते, कॅमेरा बसतो, पाऊस ओळखणारा सेन्सर चालतो, दिवसा कुणाला काही जाणवतही नाही. मग रात्री मालक गाडी काढतो आणि वेगाचे आकडे दुहेरी दिसतात. त्यावर दुरुस्ती नाही. काच पुन्हा काढावी लागते.

म्हणून काच मॉडेल आणि वर्ष सांगून मागवायची नाही, चेसिस नंबरवरून मागवायची. एकाच मॉडेलच्या एकाच वर्षाच्या गाडीला पाच-सहा प्रकारच्या काचा असू शकतात. एकीत कॅमेऱ्यासमोरचा भाग गरम करणाऱ्या तारा असतात, दुसरीत त्या नसतात. एकीत वायपर विसावतात तिथे हीटर असतो. एकीत रेडिओचा अँटेना काचेतच असतो, एकीच्या वरच्या कडेला रंगीत पट्टा असतो. चेसिस नंबरवरून मिळालेला भाग क्रमांक आणि जुन्या काचेच्या कोपऱ्यातले छापील शिक्के, दोन्ही जुळवायचे. आणखी एक सावधगिरी म्हणजे जुनी काच मूळचीच आहे हे गृहीत धरू नये. या गाडीची आधी कधी काच बदलली असेल आणि तेव्हाच चुकीची बसली असेल, तर जुनी पाहून नवी मागवणं म्हणजे तीच चूक पुन्हा करणं.

नवी काच आली की ती उघडून तपासेपर्यंत जुनीला हात लावायचा नाही. या नियमाला अपवाद नाही. कडांवर बोट फिरवून टवका नाही ना ते पाहायचं, कारण कडेचा तांदळाएवढा टवका दोन महिन्यांनी तड्याच्या रूपाने वर येतो. कॅमेऱ्याचा ब्रॅकेट काचेला कारखान्यातच चिकटवलेला असतो. तो वाकडा किंवा सैल असेल तर काच परत पाठवायची. तो जागेवर सरळ करण्याचा प्रयत्न कुणी करू नये, कारण कॅमेऱ्याचा कोन त्या ब्रॅकेटवरच ठरतो. कडेच्या काळ्या पट्ट्यावरही नजर टाकायची. तो पट्टा शोभेसाठी नाही. काच गाडीला चिकटवणाऱ्या खालच्या सीलंटला सूर्याच्या अतिनील किरणांपासून वाचवणं हे त्याचं काम आहे आणि तो मध्येच विरळ असेल तर सीलंट त्या जागी काही वर्षांत भुसभुशीत होतं.

गाडी आत घेतल्यावर पहिलं काम गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावण्याचं. कोणते दोष आधीपासून नोंदलेले आहेत हे कागदावर आलं की नंतर वाद होत नाहीत. स्कॅनिंग आणि कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवणं, चालू असताना बॅटरीला चार्जर जोडलेला हवा. इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून तासभर काम केलं की व्होल्टेज खाली येतं आणि मग भलत्याच कंट्रोल युनिटमध्ये दोष नोंदले जातात.

खोलण्याचा क्रम असा होता. वायपर आधी सर्व्हिस स्थितीत नेले आणि पात्यांची जागा काचेवर चिकटपट्टीने खुणावून ठेवली. नट सैल झाला तरी वायपरचा दांडा निघत नाही, तो दातेरी, निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेला असतो. त्याला छोटा पुलरच लावावा लागतो. दांडा हाताने हलवून ओढला तर खालची यंत्रणा वाकते. त्यानंतर काउलची, म्हणजे काचेच्या पायथ्याशी असलेली, प्लास्टिकची जाळी. इंजिनच्या उष्णतेने तिच्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून नव्या क्लिपा आधीच मागवून ठेवायच्या. आतल्या बाजूला काचेच्या दोन्हीकडच्या खांबांची आवरणं काढायची होती. त्यांच्या मागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, म्हणून इग्निशन बंद, बॅटरी सोडलेली, आणि कंपनीने सांगितलेला वेळ थांबूनच हात घालायचा. या आवरणांच्या क्लिपा बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायच्या असतात. एअरबॅग उघडताना आवरण उडून प्रवाशाच्या अंगावर येऊ नये म्हणून क्लिपेत एक दोरीवजा पट्टी असते आणि ती एकदा ताणली गेली की तिचा भरवसा राहत नाही. जुनीच क्लिप परत दाबून बसवलेली असेल तर बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून याची आठवण मुद्दाम करून द्यावीशी वाटते.

कॅमेरा काढताना भिंगाला बोट लागता कामा नये. काढल्याबरोबर तो झाकून, स्वच्छ डब्यात ठेवायचा. कॅमेऱ्यासमोरच्या हीटरची, अँटेनाची आणि वायपर हीटरची जोडणी सीलंट कापण्याआधी सोडवायची. हे विसरलं की काच उचलताना जोडणी तुटते आणि मग आतली वायरिंग दुरुस्त करत बसावं लागतं.

जुनं सीलंट कापायला पूर्वी सगळीकडे लांब दांड्याची सुरी चालायची, अजूनही चालते. पण सुरीचं टोक चौकटीच्या पत्र्यावर घासलं की रंग उडतो आणि तिथून गंज सुरू होतो. आम्ही सिंथेटिक धाग्याने कापलं. खालच्या कोपऱ्यात अरीने सीलंटमधून भोक पाडायचं, धागा आत ओढायचा, काचेच्या आतल्या बाजूला सक्शन कपवर बसवलेली गुंडाळणारी चरखी लावायची आणि धागा काचेच्या कडेने फिरवत खेचायचा. धागा सीलंट कापतो, रंग कापत नाही. डॅशबोर्डच्या कडेला मात्र तो घासतो, म्हणून तिथे प्लास्टिकचा पत्रा सरकवून ठेवावा लागतो. हेड-अप डिस्प्लेची डॅशबोर्डवरची खिडकी जाड कापडाने आणि टेपने बंद केली, कारण एखादा काचेचा कण आतल्या आरशावर पडला तर तो काढायला अर्धा डॅशबोर्ड खोलावा लागतो. खालच्या दोन कोपऱ्यांत सीलंट जाड असतं आणि काच जागेवर धरणाऱ्या प्लास्टिकच्या पिनाही तिथेच असतात. धागा तुटतो तो बहुतेक तिथेच. घाई न करता थोडा मागे घेऊन पुन्हा खेचला की निघतो.

काच उचलून बाजूला ठेवली की चौकट उघडी पडते आणि पुढचा तासभर जे होतं त्यावर पुढची सगळी वर्षं अवलंबून असतात. नवख्या माणसाला वाटतं की जुनं सीलंट खरवडून पत्रा चकचकीत करावा. तसं करायचं नाही. मूळ सीलंटचा १ ते २ मिलिमीटरचा सपाट थर राखून वरचं कापायचं. नव्या युरेथेनला, म्हणजे याच जातीच्या सीलंटला, ताज्या कापलेल्या जुन्या युरेथेनसारखी दुसरी पकड मिळत नाही, कारखान्यातल्या रंगावरही नाही. अट एवढीच की कापल्यानंतर त्या थराला बोट, तेल, धूळ लागता कामा नये आणि काच लवकर बसली पाहिजे. जिथे पत्रा उघडा पडला, चरा गेला, तिथे चौकटीचा काळा प्रायमर लावायचा आणि तो पूर्ण सुकू द्यायचा. गंज दिसला तर तो मुळापासून घासून, रंगाची प्रक्रिया करूनच पुढे जायचं. गंजावर लावलेलं सीलंट गंजाच्या पापुद्र्याला धरतं, गाडीला धरत नाही.

बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर आणखी एक गोष्ट. लोखंडाची घासणी किंवा आधी लोखंडी पत्र्यावर वापरलेली पट्टी तिथे चालत नाही, कारण लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून तिथे क्षरण सुरू करतात. सीलंटही वीज न वाहणारं हवं. काचेत अँटेना असेल तरी तेच लागतं, नाहीतर रेडिओ खरखरतो आणि दोष रेडिओच्या माथी मारला जातो.

काचेच्या तयारीत कंटाळा येईल इतकी स्वच्छता लागते. सीलंटच्या कंपनीने सांगितलेलं क्लीनर, धागे न सोडणारं कापड, मग पकड वाढवणारा ॲक्टिव्हेटर, एकाच दिशेने पुसत नेलेला, आणि कंपनी सांगत असेल तर काळ्या पट्ट्यावर प्रायमर. प्रत्येक थराला सुकण्याचा ठरलेला वेळ असतो आणि तो घड्याळ लावून पाळायचा. एका कंपनीचा प्रायमर आणि दुसऱ्या कंपनीचं सीलंट एकत्र वापरायचं नाही. दोन्ही आपापल्या जागी चांगली असली तरी एकमेकांना धरतीलच असं नाही. नायट्राइलचे हातमोजे शेवटपर्यंत हातातच. सगळ्यात मोठा शत्रू सिलिकॉन. डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशमध्ये ते असतं, आणि आधी पॉलिश पुसलेल्या हाताने काचेची कड धरली तर त्या चार बोटांच्या ठशावर सीलंट चिकटत नाही.

सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारं एकघटकी पॉलियुरेथेन होतं, नळीवरची मुदत आणि बॅच क्रमांक आधी लिहून घेतले. तोटीला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच कापायची, पायाशी साधारण ८ आणि उंचीला १२ मिलिमीटर. यातून सीलंटची त्रिकोणी, उभी पट्टी पडते आणि काच दाबली की ती दोन्ही बाजूंना सारखी पसरते. गोल तोटीने काढलेल्या पट्टीत हवा अडकते, उंची कमी पडते. पट्टी एकसलग काढायची, हात कुठेही थांबवायचा नाही, आणि सुरुवात-शेवटाचा जोड कोपऱ्यात घ्यायचा नाही. सीलंट दाबून काढायच्या हाताच्या गनपेक्षा बॅटरीवर चालणारी गन इथे खरोखर बरी, कारण जाडी शेवटपर्यंत सारखी राहते.

त्यानंतर काच बसवायला मोजकी मिनिटं असतात. सीलंटवर साय धरली की पकड कमी होते. म्हणून काच सीलंटशिवाय एकदा बसवून, डाव्या-उजव्या फटी सारख्या करून, काचेवर आणि छतावर चिकटपट्टीचे जुळणारे तुकडे आधीच लावून ठेवले होते. दोघांनी सक्शन कपने काच धरली, पट्ट्या जुळवल्या आणि एकदाच खाली सोडली. बसलेली काच उचलून पुन्हा बसवायची नसते. तसं झालं तर सगळी पट्टी काढून नव्याने लावावी लागते. हाताच्या तळव्याने कडेकडेने हलका दाब पुरतो. ठोकायचं नाही. काच छताच्या पातळीपेक्षा एखाद-दोन मिलिमीटर वर राहिली तर मोल्डिंग, म्हणजे काचेच्या कडेची पट्टी, उचललं जातं आणि वेग वाढला की शिट्टीसारखा आवाज येतो. एखाद्या कोपऱ्यात जास्त खाली दबली तर काचेत पीळ राहतो आणि काही आठवड्यांनी कुठलाही दगड न लागता तडा जातो.

इथे बहुतेकांना काम संपल्यासारखं वाटतं. गाडी उभी आहे, काच स्वच्छ आहे, दारं लागतात. पण या गाडीत पुढची काच ही बॉडीचा भाग आहे. गाडी उलटली तर छत तोलण्यात तिचा वाटा असतो, आणि प्रवाशासमोरची एअरबॅग कित्येक गाड्यांत वरच्या दिशेने उघडून काचेवर टेकते आणि मग प्रवाशाकडे वळते. सेकंदाच्या काही शतांशांत तो धक्का काचेवर येतो. सीलंट तेवढं घट्ट नसेल तर काच बाहेर जाते आणि एअरबॅगला मागे आधारच उरत नाही. म्हणून सीलंटची कंपनी गाडी सुरक्षित चालवायला किती वेळ थांबायचं ते देते. प्रकाराप्रमाणे हा वेळ अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंत असतो आणि तो तापमान आणि आर्द्रता पाहून तक्त्यातून काढायचा असतो. थंड आणि कोरड्या हवेत तो वाढतो, कारण घट्ट व्हायला लागणारी ओलच कमी असते. सीलंट बाहेरून आत घट्ट होत जातं, साधारण दिवसाला ३ ते ४ मिलिमीटर. वर बोट लावून कडक लागलं म्हणजे आतूनही झालं असं नाही. कुणी कितीही घाई केली तरी हा वेळ कमी करायचा नाही.

या काळात दारांच्या काचा बोटभर खाली ठेवल्या होत्या. सगळ्या काचा बंद असताना दार आपटलं तर आत कोंडलेली हवा ताज्या सीलंटला बाहेर ढकलते आणि तिथे बारीक वाट तयार होते. पुढे पाणी त्याच वाटेने येतं.

पाऊस ओळखणाऱ्या सेन्सरला नवा जेल पॅड लागतो. जुना परत चिकटवला किंवा नवा बसवताना बुडबुडा राहिला तर सेन्सरला तो थेंब वाटतो आणि कोरड्या काचेवर वायपर फिरू लागतात. पॅड एका कडेने टेकवून हळूहळू दाबत नेला की हवा निघून जाते. कॅमेरा ब्रॅकेटमध्ये क्लिक होऊन बसला पाहिजे. आवाज आला नाही तर जोर न लावता पुन्हा काढून पाहायचं.

मग कॅलिब्रेशन. कॅमेरा त्याच जागी, त्याच ब्रॅकेटमध्ये असतो, मग पुन्हा कशाला, असं विचारलं जातं. काचेची वक्रता, ब्रॅकेटचा कोन, सीलंटची उंची यांत केसाएवढा फरक पडतोच. कॅमेऱ्याची नजर १ अंशाने ढळली तर १०० मीटरवर ती सुमारे १.७५ मीटर बाजूला पडते, म्हणजे रस्त्याच्या एका मार्गिकेची जवळजवळ निम्मी रुंदी. आणि डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. काच बदलली हे बऱ्याच गाड्यांना कळतच नाही. चुकीच्या नजरेने पाहणारा कॅमेरा बिनतक्रार काम करत राहतो आणि नको तिथे ब्रेक लावतो, किंवा हवा तिथे लावत नाही.

या गाडीला दोन्ही प्रकारचं कॅलिब्रेशन लागत होतं. आधी गाडी उभी ठेवून, समोर नक्षीचा फलक लावून, आणि मग ठळक पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवून. उभ्या कॅलिब्रेशनची तयारी प्रत्यक्ष कॅलिब्रेशनपेक्षा लांब चालते. फरशी समपातळीत हवी. टायरमधली हवा ठरलेल्या दाबाची, डिकी रिकामी, इंधन कंपनी सांगेल तेवढं, स्टीअरिंग सरळ. हवेच्या दाबाने गाडीची उंची बदलणारं एअर सस्पेन्शन स्कॅनरवरून नेहमीच्या उंचीवर आणून तपासलं, कारण काम करताना गाडी खाली बसलेली किंवा वर उचललेली राहू शकते. फलकाचं अंतर आणि मध्य मोजायचा तो बंपरच्या मध्यावरून नाही, तर मागची चाकं गाडीला ज्या रेषेत ढकलतात त्या रेषेवरून. बंपर एखाद वेळी सरकलेला असतो, ती रेषा मात्र खोटं बोलत नाही. चाकांचं अलाइनमेंट बिघडलेलं असेल तर आधी ते करून घ्यायचं, नंतर केलं तर कॅलिब्रेशन पुन्हा.

पहिल्या वेळी कॅलिब्रेशन अर्ध्यावर थांबलं. मोजमापं परत तपासली, बरोबर होती. दोष प्रकाशाचा निघाला. उघड्या दारातून येणारं ऊन फलकाच्या एका बाजूवर पडत होतं आणि कॅमेऱ्याला नक्षीच्या कडा धुरकट दिसत होत्या. दार लावलं, सगळीकडे सारखा प्रकाश केला आणि दुसऱ्या वेळी ते पूर्ण झालं. असं थांबलं की कॅमेरा खराब म्हणून निकाल देण्याआधी प्रकाश, फलकामागची चमकणारी वस्तू, कॅमेऱ्यासमोरच्या काचेवरचा बोटाचा ठसा आणि बॅटरीचं व्होल्टेज, एवढं पाहावं. त्यानंतर रस्त्यावरची फेरी, स्कॅनर सांगेल त्या वेगात, पूर्ण झाल्याची खूण येईपर्यंत. मुसळधार पावसात किंवा पुसट पट्ट्यांच्या रस्त्यावर ती फेरी कितीही लांबते, म्हणून वेळ पाहूनच निघावं.

पाण्याची चाचणी साध्या नळीने, बिनदाबाच्या धारेने, खालून वर जात घ्यायची. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती नेमकी कुठून ते कळत नाही. आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला. खांबाजवळ किंवा पायाशी ओल दिसली तर काचेला दोष देण्याआधी सनरूफच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तपासायच्या. त्या तुंबल्या की पाणी नेमकं तिथेच उतरतं. हवेचा आवाज शोधायला मोल्डिंगवर कागदी चिकटपट्टी लावून गाडी चालवायची आणि एकेक तुकडा काढत जायचं. ज्या तुकड्यानंतर आवाज परत आला, फट तिथे आहे.

अंधार पडल्यावर हेड-अप डिस्प्ले पाहिला, आकडे एकेरी होते. रेडिओ, वायपरचा हीटर, वायपर थांबायची जागा पाहून झाली. शेवटचा स्कॅन पहिल्या स्कॅनशेजारी ठेवला. मालकाच्या हाती काचेचा भाग क्रमांक, सीलंटचा बॅच क्रमांक, काच बसवल्याची वेळ आणि कॅलिब्रेशनचा अहवाल दिला. मोल्डिंग धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या चिकटपट्ट्या दुसऱ्या दिवशी काढायला सांगितल्या, दोन दिवस दाबाच्या पाण्याने गाडी धुवायची नाही हेही सांगितलं, आणि पहिल्या पावसानंतर दोन्ही बाजूंच्या पायपुसण्या उचलून खाली हात लावून पाहायला सांगितलं.